रुमालाखालचा निकाल

लोटनआबांनी दोन क्विंटल वांगी सांगून ठेवली होती, आणि नात जिंकली की हरली हे नात काही सांगत नव्हती. चौधरींच्या घरात आठ दिवस जो घोळ चालला होता, तो एवढाच.

नात म्हणजे ऋतिका. जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सध्या सुट्टीत घरी. ती आणि तिची मैत्रीण चेलना, अशा दोघींचा संघ टीव्हीवरच्या 'प्रश्नांचा आखाडा' या स्पर्धेत उतरला होता. सगळं चित्रीकरण महिन्यापूर्वीच मुंबईत उरकलं होतं, पण दाखवत होते दर रविवारी संध्याकाळी सहाला, एकेक भाग. पोरी दोन फेऱ्या जिंकून अंतिम फेरीत पोचल्याचं गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता येत्या रविवारी चार संघांत फैसला.

पोरगी मुंबईला निघाली त्या दिवशी आबांनी पारावर उभं राहून जाहीर करून टाकलं होतं, "पोरगी जिंकली, तर टीव्हीवर तिच्या हाती कप दिसंल त्याच संध्याकाळी बठ्ठ्या गावाले मळ्यात भरीत-पुरी!" गावाने हे दोन्ही कानांनी ऐकलं आणि पक्कं लक्षात ठेवलं. आबांचा शब्द म्हणजे शब्द. सत्तर वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा आबांना केळीच्या बागेपेक्षा जास्त अभिमान होता.

पण चारशे माणसांचं भरीत काही कप दिसल्यावर चूल पेटवून होत नाही. वांगी आदल्या दिवशी यायला हवीत, ती भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचायला हव्यात, पुऱ्यांना आचारी हवा. आणि हे सगळं मांडून पोरगी हरली, तर? हरल्याचं गावजेवण घालणारा पहिला माणूस म्हणून आबा पंचक्रोशीत गाजले असते.

"तू जिंकली का हारली, एवढंच सांग," आबा म्हणाले.

"नाही सांगता येत, आबा. कागदावर सही केलीये. टीव्हीवर दिसायच्या आधी कुणाला सांगितलं तर बक्षीस काढून घेतात."

"म्हंजे बक्षीस भेटलं!"

"तसं मी म्हटलं नाही. हरले असेन तरी हेच म्हणेन."

"मंग हारली?"

"तसंही म्हटलं नाही."

आबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी पोरीवर पाळत ठेवली. सोमवारी तिने दोन भाकरी खाल्ल्या, म्हणजे जिंकली. मंगळवारी अर्धीच खाल्ली, म्हणजे हरली. बुधवारी ती मोबाइलकडे बघून हसली आणि लगेच उसासा टाकला. तेव्हापासून आबांचं डोकं चालेनासं झालं.

शुक्रवारी मात्र त्यांना बैलबाजार आठवला. बैलांचा सौदा करताना कुणी तोंडाने भाव बोलत नाही. रुमालाखाली हातात हात द्यायचा, समोरच्याने जितकी बोटं धरली तितका आकडा. बघणारे बघत राहतात आणि कुणाला काही कळत नाही. आबांनी अकरा बैलजोड्या अशाच विकल्या होत्या. पोरीने सही केली ती बोलणार नाही म्हणून. बोटांबद्दल कागदात काय असणार? संघ चार, बोटंही चार. पहिली आली तर एक धरेल, दुसरी आली तर दोन.

ऋतिका ओट्यावर पुस्तक वाचत होती. आबा शेजारी खाली बसले. हातावर रुमाल टाकला आणि हात पुढे केला. प्रश्न विचारला तर कागद मोडला जाईल, म्हणून नुसतं म्हणाले, "हं?" आणि भुवया उंचावल्या.

ऋतिकाने त्यांच्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. मग रुमालाखाली हात घातला, आबांची चार बोटं घट्ट धरली आणि त्यांना जोर लावून उभं केलं.

"जपून, आबा," असं म्हणून ती आत निघून गेली.

आबा तिथेच उभे राहिले. चार! चौथा नंबर. म्हणजे शेवटचा. वर उठवलं ते कशाला? तर आता या गोष्टीचा नाद सोडा म्हणून. पोरगी बिचारी किती दिवस हे मनात घेऊन हिंडत होती, या विचाराने त्यांना गलबलून आलं.

त्यांनी तडक फोन करून वांगी रद्द केली, आचाऱ्याला नाही म्हणून कळवलं, आणि मन हलकं करायला जीवरामला गाठलं. जीवराम लहानपणापासूनचा दोस्त.

"कोन्हाले सांगू नको. चौथी आली."

"मेलो तरी सांगनार नही," जीवराम म्हणाला. त्याने फक्त बायकोला, पुष्पाबाईला सांगितलं. पुष्पाबाईनेही फक्त नळावर आलेल्या बायकांना सांगितलं.

रविवारी चारच्या सुमाराला पुष्पाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली. डबा ओट्यावर ठेवला आणि आबांच्या सुनेच्या, कुंदाबाईच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे माय. आपल्या हाती काय राह्यतं?" मागोमाग आणखी दोघी आल्या, डबे घेऊन. मग पाच. मग अख्खी आळी.

कुंदाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावात शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येतात ती एकाच प्रसंगाला. घरात कुणी गेलं, की त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून. तिने घाबरून माणसं मोजली. सासरे ओट्यावर होते. पोरगी आत होती. राहता राहिला नवरा. तिने मळ्यात फोन लावला.

"तुम्ही बरे हायेत ना?"

"मले काय झालं?" हितेंद्र म्हणाला.

"नही, अठी डबे येऊन राह्यले..."

आत ऋतिकाही चक्रावली होती. प्रत्येक बाई तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती. "चौथी तं चौथी, पोरी. जीव बारीक नको करू."

"चौथी? कोण म्हणालं?"

"तू काही बोलू नको. तुही सही हाये ना कागदावर."

सहा वाजता ओटा, अंगण आणि समोरचा रस्ता माणसांनी भरला. हितेंद्रने टीव्ही खिडकीत आणून ठेवला. सगळे डोकी खाली घालून बसले होते. प्रश्नांच्या पहिल्या फेरीत पोरींचा जळगावचा संघ खरंच चौथा होता. जीवरामने आबांकडे पाहून मान हलवली. दुसऱ्या फेरीत पोरी तिसऱ्यावर आल्या. तिसऱ्या फेरीत दुसऱ्यावर.

"आबा, चौथा नंबर कव्हा येनार?" कुणीतरी विचारलं.

"येईल, येईल," आबा म्हणाले. घाम त्यांच्या मानेवरून वाहत होता. नात वर चढत होती आणि वांगी रद्द झालेली होती. आनंद मानावा की धसका घ्यावा, हेच त्यांना ठरवता येईना.

शेवटचा प्रश्न आला तेव्हा पहिल्या दोन संघांचे गुण सारखे होते. सूत्रसंचालक म्हणाला, "केळी हे झाड आहे. बरोबर की चूक?"

ओटा एका आवाजात ओरडला, "बरोबर!" इथे ज्याची केळीची बाग नाही असा माणूसच नव्हता.

टीव्हीतल्या ऋतिकाने बटण दाबलं. "चूक."

"गेली!" जीवराम किंचाळला. "केळीवाल्याची नात असून!" आबांनी डोळे मिटले. चला, निदान वांग्यांचं तरी बरोबर झालं.

"वनस्पतिशास्त्रात केळीला झाड म्हणत नाहीत," टीव्हीतली ऋतिका म्हणत होती. "तिचं खोड लाकडाचं नसतं. ती फार मोठी वाढलेली शाकीय वनस्पती आहे."

"अगदी बरोबर! आणि विजेते आहेत, जळगाव!"

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. "मंग आपन तीस वर्सं काय लावून राह्यलो?" असं जीवराम कुणाला तरी विचारत होता. मग एकदम शिट्ट्या आणि टाळ्या सुरू झाल्या, आणि पडद्यावर ऋतिका-चेलनाच्या हाती कप आला.

"घरी सगळ्यात जास्त आनंद कुणाला होईल?" सूत्रसंचालकाने विचारलं.

"माझ्या आबांना," ऋतिका म्हणाली. "आम्ही जिंकलो तर त्यांनी गावाला भरीत कबूल केलंय, आणि ते शब्द मोडत नाहीत. हे तुम्ही टीव्हीवर बघत असाल ना, तेव्हा आमच्या मळ्यात वांगी भाजत असतील."

टाळ्या थांबल्या. ओटा, अंगण आणि रस्ता, सगळ्यांनी माना वळवून आबांकडे पाहिलं. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरीने साऱ्या महाराष्ट्रासमोर आपल्यावर एवढा भरवसा टाकला, आणि आपण मात्र तिला शेवटच्या नंबरावर बसवून वांगी रद्द केली. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग तू चार बोटं कायले धरली?" ते शेजारी बसलेल्या ऋतिकाकडे वळून पुटपुटले.

"कोणती बोटं?"

"शुक्रवारी. रुमालाखाली."

"ते होय!" ऋतिका म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला उठायचंय. गुडघे दुखतात ना तुमचे."

शेवटी कुंदाबाई उठली. नवरा धडधाकट आणि पोरगी पहिली आल्यावर तिला आता कशाचीच भीती उरली नव्हती. तिने डब्यांची झाकणं भराभर उघडली आणि अंगणात पंगत बसवली. ज्याने जे रडत आणलं होतं, तेच तो हसत जेवायला बसला.

"पिठलं झ्याक झालं, आबा," जीवराम म्हणाला. "कोन्हं केलं?"

"तुह्या बायकोनं."

"तरीच. पन भरीत नही, ते नहीच."

आबांनी ताट बाजूला सारलं. तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याला दिलेली, तिकडचीच बोली उचललेली धाकटी बहीण, बेबाबाई.

"भाऊ, आम्ही एरंडोलले येई लागनूत, घडीभरमा तठे पोचतस! दोन जीपा भरीसन. पद्मालयना गणपतीनं दर्शन करं, नि टीव्ही मोबाइलवरच देखा."

"पन निकाल तं आत्ता लागला. तू निंघाली कव्हा?"

"सकायलेच. तू भरीत कबूल करेल व्हतं, मंग पोर जिकावाचून ऱ्हाई का? माले काय इचारनं पडनं नही."

अंगणातली सगळी पंगत हात थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बेबा," आबा हळूच म्हणाले, "येतांना बाजारातून वांगे घेऊन ये."

"कितला लयू?"

आबांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली.

"भेटतील तेवढे."