बदक छाप गाडी

गाडीतलं कळणारा माणूस अख्ख्या कोचकोर गावात एकच, असं त्या उन्हाळ्यापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं. तो कोण, हे विनयामुळे सांगत नाही.

तेव्हा मी कोचकोर ते राजधानी बिश्केक वडाप हाणायचो. माणसं, मेंढ्या, गालिचे, एकदा तर नवरीसकट अख्खं वऱ्हाड कोंबलं होतं. पण डोक्यात वेगळंच शिजत होतं. उन्हाळा लागला की परदेशी पाहुणे उंच चाकांच्या गाड्या घेऊन आमचे घाट चढायचे, गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा करायचे. ज्यांच्याकडे गाडी नसायची त्यांना आमचे लोक जुन्या रशियन जीपमधून न्यायचे. चढावर जीप पाहुण्यांना नेतेय की पाहुणे जीपला, हे लांबून ओळखता यायचं नाही. म्हटलं, आपण जपानहून जुनी गाडी मागवायची. तिकडचा माणूस गाडी लेकीसारखी सांभाळतो आणि कुठे ती रुळायला लागते तोच काढून टाकतो. अशी गाडी आपल्या घाटात अजून पंधरा-वीस वर्षं डोळे झाकून पळेल. आमच्याकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, पण स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी काय, त्या काळी आमच्याकडे निम्म्या गाड्या तशाच होत्या.

तिकडच्या बंदरातल्या एका दलालाने फोटो पाठवले. पांढरी, उंच, डिझेलवरची व्हॅन. बर्फाळ मुलखातली, चारही चाकांना जोर. पाण्याची टाकी आहे, पंप आहे, आणि गरम पाण्याचा बंबसुद्धा आहे, असं त्याने कळवलं. मी खुर्चीतून उडालोच. रानावनात फिरायला याहून चांगली गाडी ती कुठली?

माझी बायको बुरुलाय शाळेत भूगोल शिकवते. तिने विचारलं, गाडी नीट बघितलीस का? मी म्हणालो, फोटो बघितले की.

"लग्नाआधी मी तुझाही फोटोच बघितला होता," एवढं बोलून ती आत गेली.

गाडी आधी बोटीने आली, मग मालगाडीने. बिश्केकच्या यार्डात ती उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षांची म्हातारी, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. किल्ली फिरवली की मांजरीसारखी गुरगुरायची. दोन्ही कुशींवर मोठमोठी जपानी अक्षरं आणि शेजारी एक पिवळं बदक, डोक्यावर तीन वाफेच्या रेषा. बुरुलाय म्हणाली, पुसून टाक. मी म्हणालो, मुळीच नाही. अक्षरं बघून जपानी गिऱ्हाईक येईल.

गाडी बघायला माझी सासू आली. सालकीन आपा. आपा म्हणजे आई, पण आमच्या आपांना अख्खा तालुका आपा म्हणतो आणि जरा लांबूनच म्हणतो. त्यांनी गाडीला घोड्यासारखी प्रदक्षिणा घातली, चाकावर लाथ मारून बघितली, मग मागचं दार उघडलं. आत कापडाखाली पांढऱ्या प्लास्टिकचे दोन मोठे खोलगट तुकडे होते. मी ते एकमेकांना खटके लावून जोडले. लांबट, माणूस आडवा पडेल एवढं काहीतरी तयार झालं.

"हे काय आहे, जावई?"

मी क्षणभर विचार केला. गाडीवर बदक. बदक म्हणजे पाणी.

"नाव आहे, आपा. वाटेत नदी लागली की उतरवायची."

"नावेला तळाशी भोक कशाला?"

"आत आलेलं पाणी बाहेर सोडायला."

आपांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग लेकीकडे बघितलं. मला वाटतं त्या लग्नाच्या वेळचा फोटो आठवत असाव्यात.

आणि गंमत बघा, पहिलं गिऱ्हाईक खरोखरच जपानी आलं. कुमागाई नावाचे आजोबा आणि त्यांच्या पत्नी सायोको. एजे म्हणजे ताई. सायोको एजे पुस्तकी पण स्वच्छ रशियन बोलायच्या. दोघं गावातल्या पाहुणेघराच्या अंगणात आले, गाडीवरची अक्षरं वाचली आणि जागच्या जागी थांबले. आपापसांत कुजबुजले. मग सायोको एजेंनी फार हळू आवाजात विचारलं, ही गाडी तुम्ही मुद्दाम आमच्यासाठी आणली का?

मी छाती फुगवून सांगितलं की हो, खास तुमच्या वयाच्या लोकांसाठीच.

त्यांनी ते नवऱ्याला जपानीत सांगितलं. कुमागाई आजोबांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि तिथेच उठाबशा काढायला लागले. पुढे वाटेत जिथे जिथे गाडी थांबली तिथे तिथे त्यांनी उठाबशा काढल्या. चढताना मी हात दिला तर हात झटकून उडी मारून आत बसले. मला वाटलं, काय शिस्तीची जात आहे ही!

आपाही बरोबर होत्या. सोन-कोल तळ्याच्या काठी त्यांच्या थोरल्या भावाचा उन्हाळी मुक्काम होता, त्यांना तिथे जायचं होतं. पुढे डावीकडे त्या बसल्या. उजवीकडून मला पुढचं काही दिसायचं नाही, त्यामुळे ट्रक ओलांडायचा की नाही हे आपा ठरवायच्या. खिडकीतून मान काढून, "जा," म्हणाल्या की जायचं. गाडी अशी चढली, अशी चढली, की कालमाक-आशूच्या घाटात मी तिच्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. चिखल आला, खाली घसरलेले दगड आले, उन्हाळा असून बर्फाची पट्टी आली. म्हातारीने एकदाही ठसका दिला नाही. खिंडीत थांबून आम्ही बंबाच्या पाण्याचा चहा केला. पाहुण्यांनी तो चहा जरा चमत्कारिक चेहऱ्याने घेतला.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा नमद्याच्या, म्हणजे थापलेल्या लोकरीच्या तंबूतून कुणी बाहेर आलं नाही. आपांचे भाऊ झुमाकादीर ताके, म्हणजे बुरुलायचे मामा, हिवाळ्यात घोड्यावरून पडले होते. कंबर धरतच नव्हती, तेव्हापासून ते आडवेच होते. शहरातल्या इस्पितळात जायला साफ नकार. आपा आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. रुमालाच्या टोकाने त्यांनी नाक पुसलं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"म्हणतो, पाहुण्यांना दुसऱ्या तंबूत बसवा," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगाला वास येतो म्हणतो."

हा माणूस म्हणजे एके काळी दाढी विंचरल्याशिवाय घोड्यावर मांड टाकायचा नाही. ओल्या फडक्याने अंग पुसून पुसून किती होणार? उंचावरची थंडी ती. पाहुणे अवघडले, आपा चुलीकडे तोंड करून बसल्या, पुढ्यातल्या सायीवर माश्या बसायला लागल्या. मला वाटलं, आता वातावरण आपणच हलकं केलं पाहिजे.

म्हणून मी नाव काढली.

भोकात बूच घट्ट बसवलं, फावडं वल्ह्यासारखं धरलं आणि तळ्यात उतरलो. पाहुणे काठावर आले. मी त्यांना हात केला. कुमागाई आजोबांनी मान खाली घातली, सायोको एजेंनी तोंडावर हात ठेवला. कौतुक दुसरं काय असणार, असं मनाशी म्हणत मी अजून जरा आत गेलो. बूच जागचं हललं नाही, तेवढं खरं. खटके निसटले. माझ्या डोळ्यांसमोर नावेचा पुढचा अर्धा भाग शांतपणे निघून गेला आणि मागच्या भागासकट मी खाली.

सोन-कोलचं पाणी किती थंड असतं हे सांगायला भाषा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. तोंडातून आवाजच फुटेना. आपांनी शेजारचा घोडा सोडला, बिनखोगीर वर चढल्या, पाण्यात घातला आणि माझ्या काखेत दोर टाकून मला, कवटाळलेल्या अर्ध्या नावेसकट, मेंढरासारखं ओढत काठावर आणलं. साठी उलटलेली बाई! दोराची गाठ सोडताना एवढंच म्हणाल्या की भोकाने तर काही केलं नाही.

मी दात वाजवत पडलो होतो. सायोको एजे शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

"सगीनबेक, एक विचारू? तुम्ही आंघोळीच्या टबात बसून तळ्यात का गेलात?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या बर्फाच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन आंघोळ घालायची सोय असते. ही त्यातलीच गाडी. टब घरात न्यायचा, नळी जोडायची, बंबातलं पाणी सोडायचं. गाडीवर तेच लिहिलंय. दोघांची समजूत झाली होती की त्यांचं वय बघून मी त्यांना उठता-बसता न येणाऱ्यांत धरलंय. म्हणून त्या उठाबशा. आणि मी त्यांना आंघोळीच्या पाण्याचा चहा पाजला होता.

मला वाटलं, तळ्यात परत जावं.

पण आपा हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे पडल्या माणसाला आडवं ठेवूनच आंघोळ घालता येते?"

"येते," सायोको एजे म्हणाल्या. "माझ्या आईला घालायचे. मी शेजारी बसून बघायची."

आपा उठल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाहून गेलेला तुकडा आण."

मी परत तळ्यात गेलो. या वेळी घोड्यावरून, पण गेलो.

पंपाने ओढ्याचं पाणी वर ओढलं, बंब पेटला, आणि थोड्याच वेळात नळीतून वाफाळतं पाणी धावायला लागलं. टब तंबूत नेला, खटके दोराने आवळले. आता ताके अडून बसले. मी काय तान्हं मूल आहे का, परक्यांसमोर मला धुणार? मी विनवलं, आपा बाहेरून ओरडल्या, उपयोग शून्य. सायोको एजे तंबूबाहेर नमद्याला टेकून बसल्या होत्या, बायकांनी आत यायचं नव्हतंच. त्या तिथूनच बोलायला लागल्या. त्यांची आईसुद्धा सुरुवातीला अशीच रागवायची. पहिल्यांदा तर तिने त्या माणसांवर उशी फेकली. पुढे पुढे मात्र गाडी यायच्या दिवशी सकाळपासून केस विंचरून, आरसा मांडीवर घेऊन बसायची.

आत ताकेंनी आपल्या दाढीवरून हात फिरवला.

"ठीक आहे," ताके म्हणाले. "पण जावयाने डोळे मिटायचे."

मी डोळे मिटले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कुमागाई आजोबा, आणि ताकेंच्या खाली त्यांना अलगद टबात सोडायची जाळी. बाहेरून सायोको एजे सूचना देत होत्या: आधी पायांवर पाणी, मग हळूहळू वर, हात सोडू नका. मी मनापासून घासत होतो. बऱ्याच वेळाने कुमागाई आजोबांनी मला अदबीने कळवलं की तो हात त्यांचा आहे. त्यावर ताके हसले. हिवाळ्यापासून पहिल्यांदा, असं आपांनी मागाहून सांगितलं.

मग पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आलं आणि त्यांनी एक सुस्कारा सोडला. लांबच्या मजलीनंतर खोगीर उतरवल्यावर घोडा सोडतो ना, अगदी तसा.  मी डोळे मिटलेलेच ठेवले. खरं म्हणजे ते उघडण्यासारखे नव्हतेच.

अंग पुसून झाल्यावर ताकेंनी पहिली गोष्ट मागितली ती फणी. दुसरी त्यांची पांढरी उंच टोपी. आम्ही त्यांना उशांना टेकवून तंबूच्या दारात बसवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पाहुण्यांना घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे दिले आणि तरुणपणी लांडगा कसा मारला ते सांगितलं. सायोको एजेंनी भाषांतर मागितलं नाही, तरी योग्य ठिकाणी घाबरल्या. आपा तळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मेंढ्या मोजतेय. तिथे एकही मेंढी नव्हती.

माळावर बातमी घोड्याहून जोरात पळते. दुसऱ्या दिवशी चहा होतोय तोच पलीकडच्या मुक्कामावरून एका आजीला मोटारसायकलच्या बाजूगाडीत बसवून आणलं. मग एक संधिवातवाले आजोबा. मग एक ठणठणीत म्हातारा, त्याला नुसतंच बघायचं होतं. पुढचे घाट, दगडी सराय, मी आखलेली सगळी सफर मी पाहुण्यांसमोर ठेवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाह्या वर केल्या. आजीबायांना सायोको एजे आणि आपा, आजोबांना कुमागाई आणि मी. निघताना सायोको एजेंनी बदकाच्या डोक्यावर हात ठेवला. अशी सहल आम्ही उभ्या जन्मात केली नव्हती, असं त्या म्हणाल्या. ते खरं असावं.

आता मी उन्हाळाभर डोंगरातच असतो. नारीन प्रांतातला एकही घाट राहिलेला नाही, जपानी म्हातारी सगळीकडे चढते आणि कुठेच कुरकुरत नाही. परदेशी पाहुणे वाटेत भेटतात, ही गाडी कुठून मिळाली म्हणून हळहळतात. मी म्हणतो, निवडायला नजर लागते. आपा डावीकडून खोकतात.

एवढ्या म्हाताऱ्यांना लखलखीत करून मी घरी येतो तेव्हा अंगाला धूर, लोकर, मेंढीची चरबी आणि लोकांच्या पाठी, असा सगळा मिळून एक वास येत असतो. बुरुलाय मला दारातच अडवते. आधी आंघोळ कर, मग आत ये.

मी गाडीतल्या बंबाची तोटी सोडून बघतो. बंब रिकामा.