इनासकाकांची हलकी होडी

इनासकाकांच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागे. बाजारात कांद्याच्या गोणी तोलतात तसला लोखंडी काटा दारातच ठेवलेला. तुम्ही उभे राहिलात की काका वाकून आकडा बघणार, पेन्सिलीने भिंतीवर लिहिणार आणि मग संशयाने विचारणार, "जेवून आलायस का?" जेवून आलेल्याचा आकडा ते धरत नसत. एकदा फादर घरांना आशीर्वाद द्यायला आले, तर त्यांनाही काट्यावर चढवलं. "ब्याण्णव," काका खिन्न होऊन म्हणाले. "फादर, तुम्ही होडीत आलात तर नांगर घरी ठेवावा लागेल."

पापडी गावात आमच्या वाडीला लागूनच त्यांची वाडी. मुंबईत एका जहाजांच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. जन्मभर मालवाहू जहाजांची चित्रं काढली आणि निवृत्त झाल्यावर केळीच्या बागेच्या कडेला शेड घालून स्वतःची शिडाची होडी बांधायला घेतली. चोवीस फूट लांब. पातळ प्लायवूड, त्यावर काचेचं कापड आणि रेझिन. शिशाची कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, खाडीत वर ओढून घेता येईल अशी. "शर्यतीत पळेल आणि संध्याकाळी आत दोन माणसं पाय पसरून झोपतील," ते सांगत. "दोन्ही जमणारी होडी बांधणं सोपं नाही, बाबा. पळणाऱ्या होडीत झोपता येत नाही, झोपायच्या होडीला पळता येत नाही. मधे काय उभं असतं? वजन. वजन म्हणजे पाप."

हे पाप त्यांनी घरभर शोधलं. होडीत न्यायच्या चमच्यांच्या दांड्यांना भोकं पाडली. टूथब्रश अर्धे कापले. नकाशांचे पांढरे काठ कात्रीने उडवले. पाचूबंदरचा हरेश्वर, ज्याची मासेमारीची बोट कित्येक टनांची, तो एकदा होडी बघायला आला. बोटाने फळी ठोकून म्हणाला, "काका, ही होडी नाय, सूप हाय. पान्यात टाकाल तर वारा घेऊन जाईल."

"तेच तर पाहिजे!" काका खूश.

सिसीकाकू, त्यांची बायको, शिवणकाम करायच्या. पहिलं शीड त्यांनीच शिवलं, अंगणात पसरून, गुडघ्यांवर रांगत. मला म्हणाल्या, "अरे, लग्नाचं विचारलं तर ह्यांना तारीख आठवत नाही. पण मी तेव्हा किती किलोची होते ते विचार."

"अठ्ठेचाळीस!" शेडमधून आवाज आला.

एका सकाळी काकू स्वयंपाकघरात पडल्या. मी बँकेत निघालो होतो, काकांची हाक ऐकून कुंपणावरून उडी टाकली. काकूंचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा. काकांचे हात कोपरापर्यंत रेझिनने चिकट. आम्ही माणिकपूरच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ झाला?" काका म्हणाले, "आत्ताच." डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. काका हातावर वाळलेल्या रेझिनच्या पापुद्र्यांकडे बघत राहिले.

काकू वाचल्या, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डाव्या हाताने पाटीवर दोन-चार शब्द लिहीत, तेही मनात आलं तर. काकांनी दोन महिने शेडला कुलूप लावलं. मग एक दिवस पुन्हा करवतीचा आवाज सुरू झाला. गावात लोक चिडले. "बायको अंथरुणावर आणि ह्याला होडी सुचतेय." त्यात त्यांनी काकूंना खुर्चीसकट काट्यावर ठेवल्याचं कुणीतरी पाहिलं. मग तर बोलायलाच नको. होडी एका बाजूला कलू नये म्हणून म्हातारा बायकोला गोणीसारखी बसवणार, असं बाजारात हसून सांगत.

मीही रागावलोच होतो. पण होडी पाण्यात टाकायच्या दिवशी त्यांना तिसरा माणूस हवा होता, म्हणून गेलो. सकाळची भरती होती. हरेश्वरने आणि मी काकूंना उचलून आत बसवलं, तेव्हा पाहिलं की काकांनी केबिनचं निम्मं छप्पर कापून काढलं होतं. झोपायची एक जागा गेली होती. तिथे पट्ट्यांची एक बैठक होती, काकूंच्या मापाची.

हरेश्वर काठावरच थांबला. किनाऱ्यावरचा किल्ला मागे पडला आणि वारा लागला. होडी कलली, थरथरली आणि जी सुटली! खालून पाण्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. काकांनी वेगाच्या काट्याकडे पाहिलंही नाही. सुकाणूचा दांडा काकूंच्या डाव्या हातात दिला. मी घाबरलो. त्या हातातही त्यांना भरलेला पेला सांभाळता येत नव्हता.

"दोन बोटं पुरतात," काका म्हणाले. "सुकाणू सगळं नवीन केलं. तीनदा केलं."

काकूंनी दोन बोटं वळवली. चोवीस फुटांची होडी वाऱ्याकडे वळली. पुन्हा वळवली, होडी परत आली. काकूंच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसू होतं हे कळायला मला वेळ लागला.

काका माझ्या शेजारी सरकले. समोर बघत बोलले. आवाज वाऱ्यात दबेल असं त्यांना वाटलं असावं.

"त्या दिवशी रेझिन कालवलं होतं. वीस मिनिटांत दगड होतं ते. तिने हाक मारली. इनास, इनास, दोनदा. मी म्हटलं, आलो पाच मिनिटांत. कापड बसवून संपवलं आणि मग गेलो." होडीच्या कडेवरून तळवा फिरवत म्हणाले, "सुंदर बसलं होतं कापड. एक बुडबुडा नाही."

काकू दोन हातांच्या अंतरावर होत्या. त्यांची मान हलली नाही. होडी सरळ रेषेत चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी काका वाडीत पाणी सोडायला गेले असताना काकूंनी मला खुणेने बोलावलं. पाटी मागितली. लिहायला त्यांना फार वेळ लागला. मग पाटी माझ्या हातात देऊन वाडीकडे बोट केलं. वेडीवाकडी अक्षरं होती: मी हाक मारली नव्हती.

मी पाटी नेऊन दिली. काका केळीच्या बुंध्यांमध्ये चिखलात उभे होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"खोटं आहे," ते म्हणाले. "मी ऐकली."

पाटी घेऊन ते घरात गेले. मी मागे गेलो नाही. त्यानंतर ती दोघं आणखी चार वेळा समुद्रावर गेली, माझ्याशिवाय. पावसाळ्यात काकूंना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

काकूंना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिसेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात काकांनी माझा दंड धरला. आजूबाजूला लोक होते, म्हणून हळू बोलले.

"ती लिहीत होती तेव्हा तू समोर होतास. तिचा चेहरा कसा होता?"

काकूंनी खडू इतका दाबून धरला होता की तो दोनदा मोडला होता. डोळे माझ्यावर रोखलेले होते आणि त्यांतली चीड अजून माझ्या मनातून जात नाही.

"शांत होत्या," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. माझा दंड त्यांनी बराच वेळ सोडला नाही.