साडेआठचा बिघाड

वायर मी मुद्दाम काढली, हे आधीच कबूल करून टाकतो. घरी हेच कबूल करायला मला दहा दिवस लागले, आणि तेही टेबलाखाली बसून करावं लागलं. म्हणून इथे तरी सुरुवातीलाच मोकळा होतो.

त्याचं असं झालं की ऑफिसात एक अपूर्व घटना घडली. आमचे साहेब शिस्त या विषयावर बोलत असताना त्यांची खुर्ची हळूहळू खाली जायला लागली. (फिरती खुर्ची, आतला दट्ट्या गेलेला.) 'शिस्त' म्हणाले तेव्हा साहेब टेबलाच्या वर छातीपर्यंत दिसत होते, 'वक्तशीरपणा'पर्यंत हनुवटी उरली होती, आणि 'जरा माझ्याकडे बघा' म्हणाले तेव्हा बघायला फक्त टक्कल शिल्लक होतं. आम्ही अकरा कारकून गंभीर चेहऱ्याने त्या टकलाकडे बघत राहिलो. असा प्रसंग नोकरीत एकदाच येतो. मी तो दिवसभर जपून घरी आणला आणि जेवताना सांगायला घेतला.

बायको ताट घेऊन कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसली होती. मुलगी एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर टाइप करत होती. आई कानात इअरफोन घालून टॅबवर मालिका बघत होती. मी टकलापर्यंत आलो आणि हसण्यासाठी जागा सोडली. मुलगी हसली, पण मोबाइलकडे बघून. आई मोठ्याने म्हणाली, "मीठ बरोबर आहे रे." आणि बायको मान न वळवता म्हणाली, "हं. मग बदलून टाका ना."

काय बदलू, असं मी विचारलं. तेही कुणी ऐकलं नाही.

आमच्या इमारतीत मोबाइलला रेंज नाही. (बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात कुंडीवर एक पाय ठेवून उभं राहिलं तर बोलण्यापुरती मिळते.) त्यामुळे घरातल्या तिघींचं सगळं जग कॉम्प्युटरच्या टेबलाखाली ठेवलेल्या वायफायच्या डबीतून घरात येतं. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, बरोबर साडेआठला मी पेनाचं टोपण शोधायच्या निमित्ताने त्या टेबलाखाली शिरलो आणि डबीची वायर काढली. टक् असा आवाज झाला, बस्स.

मिनिटभरात तिघींनी माना वर केल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या, गाडी बोगद्यात थांबल्यावर डब्यातले लोक बघतात तशा.

"नेट गेलं," बायको म्हणाली.

"माझंही," मुलगी म्हणाली.

"अगं, तिने आत्ताच दार उघडलं होतं," आई म्हणाली. "बाहेर कोण उभं होतं?"

ते कुणालाच सांगता येईना. मग तिघी नाइलाजाने जेवणाच्या टेबलावर आल्या आणि मी खुर्ची पुन्हा सुरुवातीपासून खाली आणली. काय सांगू, बायकोला हसून हसून उचकी लागली. मुलीने टकलाचा भाग दोनदा सांगायला लावला. मला अगदी भरून आलं. आपल्या घरात आपलं बोलणं ऐकलं जातंय, हे सुख कारकुनाला फार वर्षांनी मिळालं होतं.

नऊ वाजता मी गुपचूप टेबलाखाली जाऊन वायर लावली. बाहेर येतो तर समोर मुलगी. डबीवरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले होते.

"बाबा, तुम्ही दुरुस्त केलंत?"

इथे आमच्या घरातली माझी पत सांगायला हवी. मला कुठल्याही यंत्राला हात लावायची बंदी आहे. मी जोडलेल्या पंख्याचा वारा छताला लागायचा. मी बसवलेली दारावरची बेल दाबली की न्हाणीघरातला दिवा लागायचा. (आत कुणी असलं तर ओरडायचं. तेवढ्यापुरती बेल चालत होती.) अशा माणसाला पोटच्या मुलीने डोळे मोठे करून 'तुम्ही दुरुस्त केलंत?' असं विचारल्यावर त्याने काय करावं?

"काही नाही गं," मी म्हणालो, "जरा लूज कॉन्टॅक्ट होता."

झालं. तिथून मी गेलोच. गुरुवारी साडेआठला नेट गेलं, नऊला मी आणलं. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. मी एक टॉर्च आणला आणि स्क्रूड्रायव्हर दातांत धरायला लागलो. दातांत स्क्रूड्रायव्हर असला की माणूस जाणकार दिसतो आणि प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागत नाहीत. माझ्या ताटात न मागता गरम वाढलं जाऊ लागलं. आई, जिला गुडघ्यांमुळे गेली सहा वर्षं खाली वाकता येत नाही (पडलेला इअरफोनसुद्धा मीच उचलून देतो), ती खुर्चीत बसून मला उजेड धरायची आणि येईल त्याला सांगायची, "याच्या हाताला गुण आहे."

अडचण एकच होती. साहेबांची खुर्ची काही रोज खाली जात नाही. शनिवारी मी तीच गोष्ट लोकाग्रहास्तव पुन्हा सांगितली, रविवारी लोकाग्रह नसताना सांगितली, आणि सोमवारी मी त्यांना आवक-जावक रजिस्टरला कव्हर कसं घालतात ते समजावलं. मुलगी त्या दिवशी भाजीतले मटार मोजत होती. पण नऊ वाजता दिवे लागले की पुन्हा टाळ्या, म्हणून मी खचलो नाही.

कीर्ती वरच्या मजल्यावर पोचली. तिथे कर्नल राहतात. (नोकरी सगळी पोस्टात झाली. कर्नल मिशांमुळे.) त्यांचं नेट खरोखरच बंद पडलं आणि मला बोलावणं आलं. मी घाबरतच गेलो, त्यांच्या डबीचं बटण बंद केलं, मनात वीसपर्यंत मोजलं, बटण चालू केलं. नेट आलं. त्यांच्याइतकाच धक्का मलाही बसला, पण स्क्रूड्रायव्हर दातांत असल्यामुळे तो दिसला नाही.

मंगळवारी, मी नऊला टेबलाखालून बाहेर येऊन गुडघे झटकत असताना, बायको म्हणाली, "अहो, शुक्रवारची मुलाखत मी घरूनच देते."

ती अठरा वर्षं एका वाचनालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा निघाली होती आणि शुक्रवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवर मुलाखत होती. त्या जागेसाठी तिने महिनाभर पहाटे उठून अभ्यास केला होता.

"वाचनालयातून देणार होतीस ना?"

"तिथे अर्ज केलेले आणखी तिघं समोरच बसलेले असतात. आणि घरी नेट गेलं तर तुम्ही आहात ना."

लग्नाला एकवीस वर्षं झाली. 'तुम्ही आहात ना' हे वाक्य मी आजवर 'वाटेत' या शब्दाला जोडूनच ऐकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण आठवली ती टेबलाखालची वायर. त्या वायरीला पुन्हा हात लावायचा नाही, अशी मी तिथल्या तिथे शपथ घेतली.

शपथेला उशीर झाला होता. बायको व्यवस्थित आहे. तिने सोमवारीच, कुंडीवर पाय ठेवून, कंपनीकडे तक्रार नोंदवली होती. बुधवारी संध्याकाळी नेटवाला दारात हजर. त्याच्या हातात एक कागद होता.

"वहिनी, तुमच्या लाइनची नोंद काढलीय," तो म्हणाला. "सात दिवस. रोज साडेआठला बंद, नऊला चालू. मिनिटाचा फरक नाही. पंधरा वर्षं हे काम करतोय, घड्याळ कळणारा बिघाड पहिल्यांदाच बघतोय. मी आज साडेआठपर्यंत थांबतो. त्याला पकडूनच जातो."

तो आमच्याबरोबर जेवायला बसला. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. दिवे हिरवेगार. मी आयुष्यात इतक्या खाली मान घालून कधी जेवलो नव्हतो.

"मी आलो की येत नाही बघा," नेटवाला विचारात पडून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, रोज तुम्ही दुरुस्त करता म्हणे. नक्की काय करता?"

मी पटकन स्क्रूड्रायव्हर दातांत धरला आणि "म्हं" म्हणालो.

"मग वायरच आतून गेली असणार," त्याने निकाल दिला. "परवा सकाळी नऊला येतो. खांबापासून घरापर्यंत नवी वायर टाकतो. तुमच्या मुलाखतीच्या आधी काम चोख."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तोंडही उघडलं होतं, पण आई म्हणाली, "याला विचारा, याला सगळं कळतं," आणि मी ते मिटलं.

शुक्रवारी नेटवाला पावणेदहाला आला. त्याने सव्वीस मीटर ठणठणीत वायर ओढून काढली आणि तिचं वेटोळं करून माझ्या हातात दिलं. मग नवी वायर खांबावरून आणली. ती आमच्या खिडकीपाशी हातभर कमी पडली. "दहा मिनिटांत दुसरी घेऊन येतो," असं म्हणून तो गेला.

साडेदहा झाले. बायको ठेवणीतली साडी नेसून, पाठीमागे पुस्तकांची नीट रास लावून कॉम्प्युटरसमोर बसली होती. डबीवर लाल दिवा होता. पावणेअकरा झाले. नेटवाल्याचा पत्ता नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. ती जराही घाबरली नव्हती, हेच मला सहन होईना.

"अहो, घ्या बघू हातात," ती म्हणाली.

मुलीने टॉर्च दिला. आईने स्क्रूड्रायव्हर दिला. मी टेबलाखाली शिरलो. समोर डबी, डबीला भोक, आणि भोकात घालायला काहीही नाही. बाहेर तिघी श्वास रोखून दिवे हिरवे व्हायची वाट बघत होत्या.

"अगं, ऐकतेस का?" मी आतून म्हणालो. "बिघाड वायरीत नव्हता."

"मग कशात होता?"

"माझ्यात."

"बाहेर या आणि नीट सांगा."

"नको, इथूनच सांगतो." आणि सगळं सांगितलं. खुर्ची, टक्कल, मीठ बरोबर आहे, रोजचं साडेआठ. माझं बोलणं कुणी ऐकावं म्हणून मी तिची अठरा वर्षांची वाट अडवून बसलो होतो, हे बोलता बोलताच माझ्या नीट ध्यानात आलं.

पहिली आई बोलली. "म्हणजे त्या दिवशी तिने दार उघडलं, ते तू बंद केलंस?"

बायकोने घड्याळ बघितलं असावं. "अकराला दहा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "मला आत्ता रागवायला वेळ नाही. बारानंतर रागावते. चल गं, वर कर्नलकाकांकडे."

झाला प्रकार ऐकून कर्नलनी तिला आत घेतलं, मुलीला आत घेतलं, आणि मला दारात अडवलं. "तुम्ही जिन्यातच बसा."

"अहो, तुमचं नेट मीच दुरुस्त केलं होतं."

"तेच आठवून आता भीती वाटते," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

मी पायरीवर बसलो. आतून धाड धाड आवाज येत होता. कर्नलचा कीबोर्ड पोस्टाचा शिक्का मारल्यासारखा ठोकल्याशिवाय अक्षर उमटवत नाही, आणि बायकोचा पासवर्ड सोळा अक्षरी आहे. मी प्रत्येक ठोका मोजला. सोळाव्यानंतर शांतता झाली आणि मग तिचा आवाज ऐकू आला, स्वच्छ आणि ठाम. थोड्या वेळाने कॉम्प्युटरवरचे चार-पाच लोक एकदम हसले. गेली जागा, असं वाटलं.

ती बाराच्या आधीच बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"शेवटचा प्रश्न काय होता सांगू? एखादा माणूस वाचनालयात रोज ठरावीक वेळी गोंधळ घालत असेल, तर तुम्ही काय कराल?"

"मग?"

"म्हटलं, त्याच्याकडे कुणी लक्ष देतंय का ते आधी बघीन. आणि उदाहरण दिलं."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाव नाही. नातं सांगितलं."

जागा तिलाच मिळाली. पत्र पुढच्या आठवड्यात आलं.

नेटवाला त्याच दिवशी सव्वा वाजता, म्हणजे त्याच्या दहा मिनिटांत, परत आला. वायर जोडून त्याने फॉर्म काढला. खरी हकीगत ऐकून तो हसला नाही. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'घरातील गृहस्थ, जुने.' पुढचा रकाना होता, 'भाग बदलला का?' त्याने पेन उचलून बायकोकडे बघितलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आहे तसं चालवून घेऊ."

बारानंतरचा राग तिने खरोखरच काढला, तो इथे देत नाही. पण त्या संध्याकाळी साडेआठला ती स्वतः उठली, स्वतः वायर काढली आणि म्हणाली, "रोज अर्धा तास. सगळ्यांनी टेबलावर यायचं आणि यांचं ऐकायचं." मुलगी आली. आई आली. तिघी माझ्याकडे बघत बसल्या. मी घसा खाकरला, पाणी प्यायलो आणि म्हणालो, "त्याचं असं झालं, आमचे साहेब शिस्तीवर बोलत होते..."

वक्तशीरपणापर्यंत आलो तेव्हा मला समोर आईची खुर्ची रिकामी दिसली. कोपऱ्यात कॉम्प्युटरच्या टेबलाखालून टक् असा आवाज आला आणि डबीवरचे दिवे लुकलुकायला लागले. सहा वर्षांत न वाकलेली आई टेबलाचा पाय धरून हळूहळू उभी राहिली.

"काही नाही रे," ती टॅब शोधत म्हणाली, "जरा लूज कॉन्टॅक्ट होता."