बारा शर्ट, चोवीस डाव्या बाह्या

वर्गात माझी चूक होत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारणाऱ्याला मनातून थोडी तरी धाकधूक असते, मला तीही नाही! बावीस वर्षं शर्ट कापतोय आणि गेली सहा वर्षं संध्याकाळच्या शिवणवर्गात मोठ्या माणसांना शर्ट कापायला शिकवतोय.

मोठ्या माणसांना शिकवणं म्हणजे काय, ते ज्याने शिकवलंय त्यालाच ठाऊक. लहान मुलं मास्तरांची चूक दिसली की ओरडतात आणि पाच मिनिटांत विसरतात. मोठी माणसं काही बोलत नाहीत, आणि जन्मभर विसरत नाहीत. म्हणून मी काही नियम बांधून घेतलेत. चूक करायची नाही. झाली तर दिसू द्यायची नाही. आणि दिसलीच, तर छाती पुढे काढून म्हणायचं, "शाब्बास! मुद्दाम केली होती! बघत होतो कुणाचं लक्ष आहे ते!" एवढ्या एका वाक्यावर मी आजवर एक उलटी कॉलर, दोन आखूड पाठी आणि खिसा पाठीवर आलेला एक शर्ट पचवलाय. ढेकरसुद्धा दिला नाही!

यंदाच्या वर्गात बारा जण होते. त्यातल्या एक माझ्या सासूबाई. आमच्याकडे राहायला आल्या आणि "दिवसभर बसून करू काय?" म्हणून थेट माझ्याच वर्गात नाव घालून आल्या. घरी मी जावईबापू, वर्गात सर. वर्गातलं घरी काढायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो फार सोयीचा वाटायचा. दुसरे, निवृत्त कंडक्टरकाका. आणि तिसऱ्या मावशी. या दवाखान्यात वॉर्डात काम करायच्या. दिवसाला तीन मजले वर-खाली करून त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. दवाखान्याच्या शिवणखोलीत एक जागा रिकामी होती. खुर्चीत बसून चादरी शिवायच्या, जिना नाही! पण त्यासाठी आमच्या वर्गाचं सर्टिफिकेट लागत होतं. परीक्षा शुक्रवारी आणि अर्जाची शेवटची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवशी.

परीक्षेला प्रत्येकाने एक शर्ट शिवून दाखवायचा. कापड वर्गाकडून मिळतं, माणशी एक तुकडा. बिघडला तर दुसरा नाही.

सोमवारी पूर्ण लांबीच्या बाह्या कापायच्या होत्या. आता, कापड दुहेरी घडी घालून कापलं की एक डावी, एक उजवी अशी जोडी आपोआप निघते. पण या वेळचं कापड आलं होतं अरुंद. घडी बसेना. म्हणून एकेक बाही वेगळी कापायची आणि दुसऱ्या वेळी कागदाचा नमुना पालथा घालायचा. एवढंच! हे मला झोपेतही जमतं.

जागेपणी जमलं नाही, कारण मी बोलत होतो. कात्री कापडावर आणि तोंड माझ्या कीर्तीवर! "मंडळी, चुका का होतात? लक्ष नसल्यामुळे! मी बावीस वर्षांत..." असं चाललं होतं. बोलता बोलता पहिली बाही कापली, नमुना बाजूला सरकवला, दुसरी कापली. समोर बारा कात्र्या माझ्या मागोमाग कचाकच चालल्या. इतका शिस्तीचा वर्ग मी पाहिला नव्हता.

कात्र्या थांबल्या. सासूबाईंनी आपल्या दोन बाह्या एकावर एक ठेवल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "सर, या दोन्ही डाव्याच आल्यात की हो."

"माझ्या पण डाव्या!" कंडक्टरकाका म्हणाले.

"माझ्या पण!" "माझ्या पण!"

पालथा घालायचा नमुना मी पालथा घातलाच नव्हता! कापड छापील. बाही उलटवून लावावी, तर एका हातावर टवटवीत निळी फुलं आणि दुसऱ्या हातावर त्याच फुलांना कावीळ. घाम फुटला. पण बावीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नाही.

"शाब्बास!" मी टेबलावर थाप मारली. "मुद्दाम केली होती!"



"पण सर," कंडक्टरकाका म्हणाले, "आमचं कापड कापून झाल्यावर?"

"अर्थात! चूक डोळ्यांनी बघून कळत नाही, हातातून जावी लागते!"

"मग आता ती सुधारायची कशी?" मावशींनी विचारलं.

"तोच तर उद्याचा धडा!" मी म्हणालो आणि घड्याळात वीस मिनिटं बाकी असताना वर्ग सोडला.

घरी येऊन मी माझा नमुन्याचा शर्ट दोन डाव्या बाह्या लावूनच शिवून पाहिला. म्हटलं, कुणाला कळतंय? घातला आणि कळलं. डावा हात सुखात होता. उजवा हात मात्र आपणहून पाठीकडे निघाला! पुढे आणावा तर काखेत चिमटा, वर करावा तर कॉलर गळ्याशी.

"अहो, असे वळून का बसलाय?" बायकोने विचारलं.

"नवी फॅशन आहे."

"पाणी घ्या."

मी पेला घेतला. तो तोंडापर्यंत आलाच नाही, कानापाशी थांबला. बायकोने सगळा प्रकार माझ्याकडून वदवून घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो, उद्या सरळ सांगा ना, चुकलं माझं म्हणून! दोन शब्दांचं काम!"

"मी? वर्गासमोर? तुझ्या आईसमोर?"

सासूबाई समोरच वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. वर्गातलं घरी काढायचं नव्हतं ना!

मंगळवारी मी वर्गात गेलो आणि म्हणालो, "दुरुस्तीच्या आधी पाया पक्का हवा. आज सुई." दोन तास सुईवर बोललो. सुईचं नाक, सुईचं टोक, सुई हरवल्यास काय करावे. बुधवारी बटणं घेतली. बटणांत बोलण्यासारखं फार नसतं, तरी मी दीड तास ओढला. नवल म्हणजे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे माना डोलवत होते. कंडक्टरकाकांनी तर वहीत बटणाचं चित्रही काढलं.

"सर, कापलेले भाग घरी नेऊ का? तिथेच शिवून आणू," मावशी म्हणाल्या. मी उदारपणे परवानगी दिली. तेवढाच डोळ्यांसमोरून पुरावा गेला!

गुरुवारी वर्ग सुटल्यावर मावशी दाराशी थांबल्या. एका हाताने चौकट धरली होती, गुडघ्याचा भार सांभाळत.

"सर, उद्या परीक्षा. तुम्हाला आम्हाला काही सांगायचं राहिलंय का?"

एवढी सोपी संधी आयुष्यात मला कुणी दिली नसेल. शब्द जिभेवर आलेही होते. "आत्मविश्वास ठेवा," मी म्हणालो.

त्या "बरं" म्हणून जिना उतरायला लागल्या. एकेक पायरी, कठडा धरून. मी वरून बघत होतो. खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. माझ्या बावीस वर्षांचं नाक वर राहावं म्हणून ही बाई आणखी किती जिने चढणार होती?

शुक्रवारी परीक्षक आले. शिडशिडीत गृहस्थ, गळ्यात टेप, चेहऱ्यावर हसण्याची कसलीही सोय नाही. टेबलावर बारा शर्ट घडी घालून मांडलेले. त्यांनी सर्वांत वरच्या, मावशींच्या शर्टाकडे हात नेला, आणि मला राहवलं नाही.

"थांबा!" मी ओरडलो. "साहेब, शर्ट उघडण्याआधी ऐका! या सगळ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत! चूक यांची नाही, माझी आहे! मी नमुना उलटवायला विसरलो आणि चार दिवस लपवलं! मुद्दाम वगैरे काही नव्हतं! नापास करायचं तर मला करा, पण या मावशींना सर्टिफिकेट द्या!"

 बावीस वर्षांत इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. मी डोळे पुसून वर्गाकडे पाहिलं. वर्ग जमिनीकडे बघत होता.

परीक्षकांनी मावशींचा शर्ट झटकून उघडला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एक डावी, एक उजवी. फुलं दोन्हींवर टवटवीत. त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. बाराच्या बारा तसेच!

"कुठे आहेत डाव्या बाह्या?" त्यांनी मला विचारलं.

मला काय माहीत! मी मावशींकडे पाहिलं, मावशींनी सासूबाईंकडे.

"सोमवारीच वर्ग सुटल्यावर खाली पायरीवर बसून ठरवलं," सासूबाई म्हणाल्या. "पूर्ण बाहीत अर्धी बाही निघतेच. थोडं खाली सरकायचं, नमुना पालथा घालायचा, खांद्याची नवी गोलाई कापायची. पाच मिनिटांचं काम. सगळ्यांनी मावशींच्या घरी बसून शिवले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतके मन लावून सुई शिकवत होता," कंडक्टरकाका म्हणाले. "मोठ्या माणसाला कसं थांबवायचं?"

"मी काल विचारलं होतं, सर," मावशी हळूच म्हणाल्या.

"अर्धी बाही नियमात बसते," परीक्षक म्हणाले. "शिलाई स्वच्छ आहे. बाराही जण पास." मावशी मटकन खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. कंडक्टरकाकांनी टाळ्या सुरू केल्या. मीही वाजवायला गेलो. उजवा हात पुढे येईना! आज परीक्षा म्हणून घाईघाईत मी नेमका तोच दोन डाव्या बाह्यांचा नमुन्याचा शर्ट अंगात घालून आलो होतो. परीक्षक जवळ आले, माझी बाही चिमटीत धरली, उलटसुलट केली, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी इथे देत नाही.

मावशी आता शिवणखोलीत बसतात. माझं म्हणाल, तर रविवारी सकाळी मी बाह्या कापायला शिकतोय. घरच्या घरीच शिकवणी आहे. शिकवणाऱ्या बाई चष्मा वर करून बाह्या तपासतात, फार कडक आहेत, पण एक आहे. कापताना त्या बोलत नाहीत, आणि मलाही बोलू देत नाहीत!