चार बोटं उंच

धाकू तांबेने आपल्या छोट्या ट्रकला मोठी चाकं आणि मोठे टायर बसवले आणि ते अख्ख्या गोडदेवला दाखवून आला. "आता खड्डा आला ना, तर खड्ड्यालाच धक्का बसणार!" असं त्याने निदान चाळीस जणांना सांगितलं असेल. चाकं बसवणाऱ्या लवू मेस्त्रीने तेवढं बजावलं होतं, "धाकूशेट, गाडी चार बोटं उंच झालीय हां. सांभाळून." धाकूने मान डोलावली आणि घरी येईपर्यंत ते विसरूनही गेला.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोरीचा, स्वातीचा, साखरपुडा होता. संध्याकाळी पाचला, गोडदेवच्याच हॉलमध्ये. अशा दिवशी कुणी शहाणा माणूस भाडं घेईल का? धाकूने घेतलं! परळहून एक बिऱ्हाड जवळच्याच पूनम सागर सोसायटीत पोचवायचं होतं.

"अवो, आज तरी नको," त्याची बायको सरूबाई कळवळून म्हणाली. "तुम्ही पोरीचा बाप. वेळेवर नसलात तर पाव्हण्यांना काय सांगू?"

"अगं, नवी चाकं आहेत! दोनला परत!"

सोसायटीच्या गेटावर सिमेंटची आडवी तुळई होती. तीन लोखंडी कपाटं, शिसवी पलंग, घरगुती पिठाची गिरणी आणि पुस्तकांची बावीस खोकी घेऊन ट्रक तिच्याखालून डौलात आत शिरला. सामान तिसऱ्या मजल्यावर चढवता चढवता चार वाजले, कारण लिफ्ट बंद. मग धाकूने गाडी वळवली, हॉर्न मारला आणि निघाला.

खाड्!

ताडपत्री बांधायची मागची लोखंडी कमान तुळईखाली घट्ट अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. धाकू उतरून वर बघतच राहिला. "अहो, आलो तेव्हा गेट उंच होतं!"

"तो फिर गेट धोने डाला था क्या, सिकुड़ गया?" सेक्रेटरी हसमुखभाई ओरडले. "एकच गेट छे, भाई! सबकी गाड़ी अंदर. निकाले बिना जाना नहीं!"

धाकूने लवूला फोन लावला.

"माल होता तेव्हा गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर दबली होती," लवू म्हणाला. "माल उतरवलात, गाडी उठली! आणि हवा काढू नका. हवा भरायचं दुकान हायवेला, तोवर नवे टायर चिरडतील. वजन टाका, वजन!"

वजन तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसलं होतं. बिऱ्हाडाच्या मालकीणबाई शुभदाताई खाली आल्या, तेव्हा त्यांचे यजमान वर कंबर धरून आडवे झाले होते. "कपाटं परत खाली नाही हं!" ताईंनी आधीच सांगून टाकलं.

साडेचार. सरूबाईचा सातवा मिस्ड कॉल. धाकूने हात जोडले. "ताई, पाचला पोरीचा साखरपुडा आहे हो. ती दाराकडे बघत बसली असेल, आणि बाप इथं गेटात अडकलाय."

शुभदाताईंना त्या सोसायटीत कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण त्या पदर खोचून प्रत्येक दाराची बेल वाजवत सुटल्या. "नमस्कार, मी तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेय. जरा ट्रकमध्ये बसायला येता का?"

आणि लोक आले हो! रविवारची झोप मोडून बावीस माणसं आली. तळमजल्यावरच्या शैलाआजींना खुर्चीसकट वर उचललं. "माझं वजन विचारू नका," आजी म्हणाल्या, "पण उपयोग होईल!" शेवटी हसमुखभाई स्वतः चढले आणि कमान कुरकुरत सुटली. टाळ्या वाजवत, माना खाली घालून सगळी सोसायटी गेटाबाहेर आली.

धाकू ब्रेक लावणार, तोच शुभदाताई ओरडल्या, "आम्हाला उतरवत बसू नका! आधी मुलीकडे चला!"

पाच वाजून पाच मिनिटांनी ट्रक हॉलच्या दारात. व्याही बघतच राहिले. सरूबाईने कपाळावर हात मारला. "अवो, ही कुठली माणसं?"

"बापाला पोचवायला आलीत," धाकू म्हणाला. स्वातीने रडवेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. हसमुखभाईंना फेटा बांधला, आजींना पहिल्या रांगेत बसवलं, अंगठ्या घातल्या. सगळं कसं छान पार पडलं!

सातला धाकू त्यांना परत सोडायला निघाला. सरूबाई शेजारी, मागे सगळे जण पोटभर जेवून. पूनम सागरचं गेट आलं. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना काय रस्त्यावर उतरवायचं? छे! ट्रक अलगद आत गेला. धाकूने एकेकाला हात देऊन जिन्याशी उतरवलं, पेढ्यांचे पुडे दिले, वाकून नमस्कार केले. सगळे वर गेले. दारं लागली.

धाकूने गाडी वळवली आणि गेटापाशी करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?" सरूबाईने विचारलं.

धाकूने वर तुळईकडे बोट दाखवलं. खाली उतरला, जिन्यापाशी गेला आणि चोरासारखी हळूच हाक मारली, "शुभदाताई... साडी बदलली नसेल तर, जरा सगळ्यांना घेऊन खाली येता का?"