एका बाजूनं आवळायचं न्हाय

आमच्या गल्लीत पंगत बसली आणि जिलबीची परात शिदूअण्णांच्या हातात गेली, की बघण्यासारखा खेळ व्हायचा. पहिली जिलबी मधल्या पानावर. दुसरी समोरच्या ओळीत. मग उजवं टोक, तिथून पळत डावं टोक. बाकीचे भात चिवडत बसलेले. कुणी ओरडलं, "अण्णा, सरळ वाढा की वो!" की अण्णा गरजायचे, "पावणं, दम धरा! एका बाजूनं आवळलं की हेड वाकतंय!"

अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतले इंजिनमिस्त्री. नव्वदीच्या दशकात मी त्यांच्याच शेडमध्ये लेथवर होतो. नवख्याला ते समजावायचे, "शिलिंडरात पिस्टन वरखाली पळतोय. वर डिझेल पेटतंय, त्या दणक्यानं पिस्टन खाली जातोय. त्यावरचं झाकण म्हंजे हेड. कुकरचं झाकण एका बाजूनं उचललं तर शिट्टी हुईल व्हय रं?" म्हणून हेडचे बोल्ट आवळायचे ते आधी मधले, मग समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत. अण्णांनी हा नियम साऱ्या जगाला लावला. एका शेजारणीच्या आमटीला चांगलं म्हटलं, की लगेच समोरचीच्या भाकरीचं कौतुक!

पण हात काय होता राव! आजऱ्याचे काजूवाले ट्रक वाटेतली सगळी गॅरेजं सोडून अण्णांकडं यायचे. शेडमध्ये बोल्ट किती आवळला ते काट्यावर दाखवणारा टॉर्क पाना आला, तेव्हा अण्णांनी नाक मुरडलं, साध्या पान्यानं बोल्ट आवळले आणि म्हणाले, "आता लावा तुमचा काटा." काटा पाहिजे तिथंच थांबला. मालकानं गुमान चहा मागवला. छाती मात्र आम्हा सगळ्यांची फुगली. नाद खुळा!

असा माणूस घरात मात्र चुकला. थोरल्या पोराला, मल्लूला, हाताशी धरून शिकवलं आणि धाकट्या संजूला चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "तुला जमायचं न्हाय." संजू तडक पुण्याला गेला. सहा वर्षं त्यानं कोल्हापुरात पाऊल टाकलं नाही. मला अण्णांचा रागच यायचा. पण पुण्याचा ट्रक आला की ते पाना खाली ठेवून ड्रायव्हरला विचारायचे, "आमचा संजू कुठं दिसला काय?" मग माझाही राग विरघळायचा.

मल्लूच्या नव्या घराची वास्तुशांत होती. संजू आला. कुणाशी न बोलता पंगतीत शेवटच्या टोकाला बसला. अण्णा परात घेऊन मधल्या पानाशी आले आणि त्यांना संजू दिसला. मधलं पान तसंच सोडून ते थेट टोकाला गेले. एक जिलबी, दुसरी, तिसरी. पान भरलं तरी हात थांबेना.

शेवटी संजूच बोलला, "अण्णा, हेड वाकंल की."

"कवाच वाकलंय," अण्णा म्हणाले. "ह्या बाजूचा बोल्ट आवळायचा मी इसरलो हुतो, पोरा."

संजू उठला. बापाच्या हातातली परात घेतली, त्यांना आपल्या पानावर बसवलं आणि वाढायला लागला. मधलं पान. समोरचं. उजवं टोक, तिथून पळत डावं टोक. ही रीत अण्णांनी त्याला कधी शिकवली नव्हती.

अण्णांच्या पानावर जिलब्यांचा ढीग, डोळ्यांत पाणी. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे ते ओरडले, "जमतंय की रं तुला!"