मतपेटीचे आत्मवृत्त, मुक्काम मॉरिसव्हिल

कोणत्याही देशाची लोकशाही त्या देशातल्या पाचवीच्या मुलांच्या निबंधांवर उभी असते, आणि ते निबंध त्यांच्या आयांवर. त्यामुळे आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या शाळेने ‘माझ्यासाठी नागरिक असणं म्हणजे काय’ या विषयावर तीनशे शब्दांची निबंधस्पर्धा जाहीर केली, तेव्हा जबाबदारीची जाणीव होऊन मला तत्काळ ॲसिडिटी झाली.

स्पर्धेला नियम एकच होता: निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. नियम उत्तम आहे. आमच्या ओळखीतल्या सगळ्याच पालकांचा त्याला मनापासून पाठिंबा आहे. (दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत.)

आमच्या अनयाने मात्र तो नियम शब्दशः घेतला. दहा वर्षांची आहे, समज यायची आहे अजून. शनिवारी सकाळी सीरिअल खाता खाता तिने निबंध लिहून टाकला आणि सायकल काढून तळ्यावरची बदकं बघायला गेली. दुधाचे दोन थेंब पुसून मी तो वाचला. इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा:

“आमच्या घरात मी एकटीच सिटिझन आहे, कारण मी इथे जन्मले. आई आणि बाबा लाइनमध्ये आहेत. ती लाइन मला कधी दिसली नाही, पण ती खूप मोठी आहे आणि पुढे सरकत नाही. आईबाबांना मत नाही. मी मोठी होईपर्यंत मलाही नाही. म्हणजे आमच्या घरात कुणालाच मत नाही. तरी जेवायला काय करायचं ते रोज ठरतं. ते आई ठरवते. सिटिझन म्हणजे ज्याला विचारतात तो. मला अजून कुणी विचारलेलं नाही. पण मी तयार आहे.”

संपला. तीनशे शब्दांची मुभा असताना बाकीचे शब्द चक्क वाया चालले होते. शिवाय त्या ग्रीन कार्डच्या लाइनचा उल्लेख कशाला? कोण वाचेल, कुठे जाईल, काय सांगावं! लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलं तरी “याचा ग्रीन कार्डवर परिणाम नाही ना होणार?” असं मी नवऱ्याला विचारते. (तो “नाही” म्हणतो. पण जरा थांबून म्हणतो.)

सबब रविवारी चार वाजता आमच्या डायनिंग टेबलावर समितीची बैठक झाली. अध्यक्ष मी. सदस्य दोन: माझा नवरा विनय आणि मनोहरकाका. काका पलीकडच्या गल्लीत राहतात, निवृत्त इंजिनिअर आहेत आणि पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले असल्यामुळे समितीतले एकमेव मतदार आहेत. अनयाला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं होतं.

काकांनी चष्मा लावून निबंध वाचला आणि कागद उलटा करून मागे बघितलं.

“सुरुवात कुठाय याची?”

“हीच सुरुवात आहे काका.”

“अगं, आदरणीय व्यासपीठ नाही, गुरुजन नाहीत, बालमित्र नाहीत, एकदम ‘आमच्या घरात’? बेल न वाजवता आत घुसल्यासारखं वाटतं.”

“जेवणाचा पॉइंट कॅन्सल करू या,” विनय म्हणाला. “ऑफ-टॉपिक आहे. त्याऐवजी एक चार्ट टाकू.”

“चार्ट नको, आत्मवृत्त टाका,” काका म्हणाले. “सातवीत ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ लिहून मी तालुक्यात पहिला आलो होतो. अजून पाठ आहे. छत्रीच्या जागी मतपेटी घाला, भावना आणि हुंदके तेच ठेवा.”

हे कुणालाच कसं सुचलं नव्हतं याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. (मला सुचलं होतं. मीही शाळेत तुटक्या खुर्चीचं लिहिलं होतं. पण अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं.)

“पण आजोबा, बॉक्स बोलत नाही,” अनया म्हणाली.

“निबंधात बोलते.”

“आणि ती का रडते?”

“आत्मवृत्त आहे बाळा. रडावंच लागतं.”

“बट आय रोट वन ऑलरेडी!”

“हो ना गं राणी,” मी म्हणाले, “आणि तो इतका छान आहे की आपण फक्त थोडा पॉलिश करतोय.” (पॉलिशनंतर मूळ निबंधातले ‘आय’ आणि ‘ॲम’ हे शब्द जसेच्या तसे राहिले.)

तेव्हा अनयाने मतदानाची मागणी केली. शाळेत शिकवतात ते फुकट जात नाही, हे पाहून आम्हाला भरून आलं. मतदान झालं. तीन विरुद्ध एक. आमच्या घरातली पहिलीवहिली निवडणूक शांततेत पार पडली आणि पराभूत पक्ष जिन्यावर जाऊन बसला.

निबंध फारच सुंदर झाला. मतपेटीचं बालपण जंगलात गेलं. मग सुतार आला, करवत आली. मग एका थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याने तिच्यात मत टाकलं आणि तिच्या जन्माचं सार्थक झालं. पुढे तिला अडगळीत टाकलं, तिथे तिला हुंदका आला, आणि “इतक्यात आईने हाक मारली आणि मला जाग आली.” (इथे मतदान यंत्रावर होतं, असं विनयने सुचवून पाहिलं. “यंत्राला कसला हुंदका!” असं म्हणून काकांनी लाकूडच ठेवलं.) हुंदक्याच्या ओळी टाइप करताना मला स्वतःला रडू आलं. नंतर अनयाने सगळा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. म्हणजे निबंध विद्यार्थिनीने स्वतः लिहिला. नियमाबाबत आमच्याकडे तडजोड नसते.

निकालाच्या दिवशी लायब्ररीच्या हॉलमध्ये सगळे निबंध भिंतीवर लावले होते. मी आपली सहज, हात मागे बांधून, एकेक वाचत गेले. आमच्या मतपेटीशेजारी जयचा निबंध होता. त्याची आई रीमा मला फोनवर म्हणाली होती, “आम्ही बघतसुद्धा नाही गं, सगळं त्याचं तोच करतो.” जयच्या निबंधात चौकातला स्टॉप साइन बोलत होता. पुढे एक पोस्टाची पेटी बोलत होती, एक झेंड्याचा खांब आणि कोर्टातलं एक बाकडं. सगळी रडत होती. सगळ्यांच्या शेवटी कुणाची तरी आई हाक मारत होती.

परीक्षक मिसेस डॉसन, निवृत्त न्यायाधीश, माइकवर म्हणाल्या, “यंदा आपल्या गावातल्या वस्तूंना बरंच काही बोलायचं आहे. त्या बऱ्या असतील अशी आशा करते.”

मग प्रत्येक मुलाला एकेक प्रश्न. अनयाला त्यांनी विचारलं, “तुझी मतपेटी का रडली?”

“आय डोन्ट नो,” अनया म्हणाली. “आय व्होटेड अगेन्स्ट इट.”

विनयने बुटाची लेस बांधायला घेतली. (त्याच्या बुटांना लेस नाही.)

“मग तुला काय लिहायचं होतं?”

अनयाने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेतून मी ओठांनी “हुंदका, हुंदका” असं सुचवत होते. ती मिसेस डॉसनकडे वळली.

“सिटिझन म्हणजे ज्याला विचारतात तो. तुम्ही पहिल्याच. थँक यू फॉर आस्किंग.”

मिसेस डॉसननी चष्मा काढला, खाली उतरल्या आणि मोठ्या माणसाशी करतात तसं तिच्याशी हस्तांदोलन केलं. बक्षीस मात्र तळ्यावरच्या बदकांना रस्ता ओलांडू देण्याबद्दल लिहिणाऱ्या एका मुलाला मिळालं. (त्याचे आईवडील महिनाभर गावाला गेले होते, असं चौकशीअंती कळलं. आजी इंग्रजी वाचत नाहीत. काही लोकांचं नशीबच असतं.)

गाडीत काका म्हणाले, “उत्तर बरं दिलंस, पण शेवटी जाग यायला हवी होती.” मागच्या सीटवर अनया एकटीच हसत होती.

मी ठरवलंय, पुढच्या वर्षी तिचा मूळ निबंधच पाठवायचा. जसाच्या तसा. फक्त ‘पुढे सरकत नाही’ऐवजी ‘हळूहळू सरकते’. आणि सुरुवातीला एखादं वाक्य. आणि ते जेवणाचं जरा मागे-पुढे.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. पण वर तो निबंध वाचताना एखादं वाक्य तुम्हीही मनातल्या मनात सुधारलंतच ना? मग या रविवारी. चार वाजता, चहा आहे. येताना आपापल्या सुधारणा घेऊन या. अनयाला आम्ही त्या वेळी सायकलवर पाठवतोय.